जाळरेषा शिमग्याच्या आधी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले. आमच्या सड्यावरचं, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावरचं, गवत कमरेला लागतंय आणि शेंड्याकडून पिवळं पडायला लागलंय. अजून महिनाभराने ते पायाखाली कागदासारखं वाजेल. मग रोज कुठल्या तरी डोंगरावर रात्री लाल रेघ सरकताना दिसेल आणि तुमच्या अंकात बातमी येईल की अमुक वाडीत वणव्यात इतकी कलमं खाक. ती बातमी यायच्या आत जाळरेषेबद्दलचं, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळ्या केलेल्या पट्ट्याबद्दलचं, हे पत्र छापून यावं, एवढ्यासाठी कार्तिकातच लिहायला बसले आहे.

मी राजापूर तालुक्यातल्या एका लहान वाडीत राहते. वय सत्तर. घराच्या मागच्या भरडावर आमची काजूची एकशे चाळीस कलमं होती, निम्मी वेंगुर्ला-४, निम्मी वेंगुर्ला-७. यजमान गेल्यावर बारा वर्षं मी ती एकटीने सांभाळली. गेल्या फाल्गुनात पालखी घरी यायला चार दिवस होते. दुपारी दीडच्या सुमारास मी ओटीवर तांदूळ निवडत होते. खारा वारा सुरू झाला होता. आधी वास आला, मग खालच्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अंगाला धूर दिसला. मी दाताळं घेऊन गडग्याशी पोचले, तोवर आग अर्धा चढ चढून आली होती.

चढावर आग किती वेगाने येते हे पाहिल्याशिवाय कळत नाही. सपाटीवर ती माणसासारखी चालते. चढावर वरचं गवत ज्वाळेच्या झळीनेच आधी वाळून तापतं आणि ज्वाळा पोचायच्या आत पेट घेतं. त्यात दुपारी समुद्राकडून येणारं वारं तिला डोंगराकडेच रेटतं. पहाटेचा, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई वारा असता तर ती उलट व्हाळाकडे रेंगाळली असती आणि आम्ही आठ-दहा जणांनी ऐन-किंजळीच्या डहाळ्यांनी झोडपून विझवली असती. दुपारी दीडला ते शक्य नव्हतं. गडगा जांभ्या दगडाचा, चांगला छातीएवढा, पण ठिणग्यांना गडग्याचं काय? त्या वरून आल्या आणि कलमांखालच्या पातेऱ्यात, वाळलेल्या पानांत, पडल्या.

लहानपणी आम्ही फुटक्या पत्र्यावर काजू भाजायचो. सालातलं तेल तडतडून बाहेर यायचं आणि बी स्वतःच वातीसारखी पेटायची. आई ओरडायची, तोंड लांब ठेवा, उतेल. त्या दुपारी माझ्या बागेत झाडाखाली पडलेल्या, अजून न वेचलेल्या बिया अशाच पेटत होत्या. शेकडो बिया, एकेक करून, फट्‌ फट्‌ आवाज करत. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. एकशे चाळीसपैकी त्र्याऐंशी कलमं गेली. त्यांतली काही तर दुसऱ्या दिवशी हिरवीच दिसत होती, पण बुंध्याची साल भाजली होती. चैत्र संपेपर्यंत तीही वाळली. शहरातून बंब निघाला होता म्हणतात, पण सड्यावर यायला त्याला रस्ताच नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते आमच्याकडे शब्दशः खरं आहे. भरपाईसाठी ज्या कार्यालयात गेले तिथे मला विचारलं, आग कोणी लावली ते सांगा. मला माहीत असतं तर मी तिथे कशाला गेले असते?

तिसऱ्या दिवशी मी सड्यावर गेले. एका सुक्या झाडाच्या मुळातून अजून धूर येत होता. वरून नुसती राख होती. काठीने ढवळली तर आत लाल निखारे. याला आपण फुफाटा म्हणतो. आगीतून निघून फुफाट्यात, ही म्हण ज्याने केली त्याने असं जळलेलं रान पाहिलेलं असणार. वरचा जाळ विझला म्हणून माणसं घरी जातात आणि मुळातला विस्तव दोन दिवसांनी वाऱ्यावर पुन्हा उठतो.

तिथेच दोन दगडांच्या मधल्या खळग्यात टिटवीची अंडी होती. टिटवी साधारण चार अंडी घालते, इथेही चारच होती. मातकट, काळे ठिपके असलेली. खळग्यापाशी गवत नव्हतं, त्यामुळे ती जळली नव्हती, पण झळीने एकाला तडा गेला होता आणि बाकीच्यांवर काजळी बसली होती. टिटव्यांची जोडी माझ्या डोक्यावरून ओरडत फिरत होती. मी तिथून लगेच निघाले, पण ती अंडी काही उबली नाहीत. आठवड्याने गेले तेव्हा मुंग्या लागल्या होत्या.

मला आजीने सांगितलेली जरितेची गोष्ट आठवली. महाभारतात आदिपर्वात खांडववन जळतं. अग्नीला यज्ञातलं तूप खाऊन खाऊन अजीर्ण झालेलं, म्हणून त्याला ते रान खायचं होतं, आणि कृष्ण-अर्जुन त्याच्या मदतीला उभे राहिले. इंद्राचा पाऊससुद्धा त्यांनी अडवला. त्या रानात जरिता नावाची पक्षीण होती आणि तिची पंख न फुटलेली चार पिल्लं. ती म्हणाली, उंदराच्या बिळात शिरा, मी वर माती लोटते. पिल्लं म्हणाली, बिळात उंदीर खाईल, त्यापेक्षा आग बरी, तू उडून जा. ती चार पिल्लं वाचली, कारण त्यांनी अग्नीची स्तुती केली आणि अग्नीने त्यांना वाट दिली. एवढ्या मोठ्या रानातून ती चार, तक्षकाचा मुलगा आणि मय दानव, इतकेच जिवंत सुटले. बाकी सगळं पळता पळता मेलं किंवा मारलं गेलं. लहानपणी मी त्या पिल्लांसाठी खूश व्हायचे. आता मला बाकीचे दिसतात. ऋग्वेदाचा पहिला शब्दच अग्नी आहे, आपल्याकडे लग्न त्याच्या साक्षीने लागतं, शेवटही त्याच्याच हाती. तरी त्याच अग्नीची ही गोष्ट आपल्या माणसांनी लपवली नाही. जरितेचं दुःख त्यांनी नीट, सविस्तर सांगून ठेवलं.

सड्यावर काय आहे, नुसतं गवत, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना एकच सांगते. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी इथली कातळशिल्पं याच सड्यांवर आहेत. घोरपड, कासव, ससा, चंडोल, टिटवी यांचं घर इथेच आहे. जाळलं की पावसाळ्यात गवत जोमाने येतं, असाही एक समज आहे. पहिल्या सरीला हिरवं दिसतं हे खरं. पण पाचोळा जळून माती उघडी पडलेली असते आणि आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ती माती व्हाळातून खाडीत जाते. जांभ्यावर मुळातच वीतभर माती, ती परत कुठून आणायची?

मी आगीच्या विरोधात नाही. आगीशिवाय कोकणातलं घर चाललंच नाही कधी. माझी आई रात्री चुलीतले निखारे राखेखाली पुरून ठेवायची आणि सकाळी फुंकर घालून जाळ करायची. काडेपेटी होती, पण ती जपून वापरायची. विस्तव विझलाच तर आम्हां मुलींना शेजारी पाठवायची. शेणीच्या तुकड्यावर निखारा घेऊन, हाताने वारा अडवत, पाटीलदारातून, म्हणजे मागच्या दारातून, पळत यायचं. वाटेत पातेऱ्यावर ठिणगी पडू द्यायची नाही, ही पहिली ताकीद. दोन घरांचं फाटलं की 'त्यांच्यात विस्तव जात नाही' म्हणतात, ते यावरूनच. आज हे शब्द मला फार लागतात. आग ज्या जमिनीतून आली त्या शेजाऱ्यांकडे आणि आमच्याकडे गेल्या फाल्गुनापासून विस्तव जात नाही. त्यांनी लावली असं मी म्हणत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाची विडी असेल, तारांची ठिणगी असेल, शिकारीला आलेले असतील. पण संशय एकदा उंबऱ्यात बसला की उठत नाही. वणव्याने जी कलमं नेली ती मी मोजली. हे नुकसान कोणत्याच पंचनाम्यात येत नाही.

आणि आमचे वाडवडील आग लावायचेही. भाताच्या तरव्याची जागा भाजल्याशिवाय रोप चांगलं येत नाही म्हणून भाजावळ करायची. शेण, त्यावर कवळ म्हणजे तोडलेल्या डहाळ्या, त्यावर पातेरा आणि गवत, आणि सगळ्यांवर मातीचा थर. मातीमुळे ती धुमसत जळते, भडकत नाही. माझे सासरे भाजावळ पेटवायचे ती वारा जिकडे वाहतो त्या कडेकडून, म्हणजे आग वाऱ्याच्या उलट हळूहळू सरकेल अशी, आणि वेळ पहाटेची, दव असताना. भोवताली चार हात जागा झाडून काढलेली. दोन माणसं कवळ घेऊन उभी. सगळं थंड होईपर्यंत कोणी न्याहारीलाही जायचं नाही. शिमग्याचा होमही तसाच. होळीचं झाड सहाणेवर उभं राहतं, ढोल वाजतात, फाका घातल्या जातात, नारळ पडतात, पण होमाभोवती मानकरी आणि गावकर जागे असतात. राख कपाळाला लावूनच माणसं घरी जातात, म्हणजे राख हाताला सोसेल इतकी निवेपर्यंत कोणीतरी तिथे असतंच. हजार माणसांच्या गर्दीत, फाल्गुनाच्या वाळलेल्या दिवसांत एवढा मोठा जाळ होतो, आणि माझ्या सत्तर वर्षांत आमच्या गावच्या होमाची ठिणगी कुठे गेलेली मला आठवत नाही. त्या आगीला हद्द असते आणि राखणदार असतो. वणव्याला दोन्ही नसतं.

आता तर वणव्याचा मोबाइलवर व्हिडिओ करतात. रात्रीचा पेटलेला डोंगर, त्यावर गाणं लावायचं आणि पाठवायचं. आमच्याच वाडीतल्या मुंबईच्या एका मुलाने माझी बाग जळतानाचा असा व्हिडिओ केला होता. मुलगा वाईट नाही, नंतर तो माझ्यापाशी येऊन रडला. पडद्यावर लहानपणापासून आग बघून बघून ती त्याला दृश्य वाटली, इतकंच.

माझे वडील मुंबईला गोदीत हमाली करायचे. १४ एप्रिल १९४४ ला ते व्हिक्टोरिया डॉकपासून दूर, दुसऱ्या गोदीत होते म्हणून वाचले. 'फोर्ट स्टिकिन' या बोटीवर कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकाच बोटीत भरलेली. कापूस आतल्या आत धुमसत राहिला. दुपारी आग लक्षात आली आणि चार वाजून गेल्यावर पाठोपाठ दोन स्फोट झाले. आग विझवायला गेलेले सहासष्ट अग्निशमन जवान गेले. वडील सांगायचे, आभाळातून जळता कापूस पडत होता. त्या जवानांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळतात. शाळांत भाषणं होतात, प्रात्यक्षिकं होतात. ते व्हायलाच हवं. पण आमच्याकडचे डोंगर एप्रिलपर्यंत जळून काळे झालेले असतात. मुलांना जे सांगायचं ते मार्गशीर्ष-पौषात सांगायला हवं. जिल्ह्यातल्या शाळांनी डिसेंबरात एक दिवस यासाठी द्यावा, ही माझी पहिली विनंती.

दुसरी विनंती जाळरेषेची. वनखातं राखीव जंगलाभोवती गवत कापून आणि जाळून पट्टे काढतं, त्याला जाळरेषा म्हणतात. १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे. पण आमच्याकडची बहुतेक डोंगर-जमीन खासगी मालकीची, तिथे ना वनरक्षक येतो ना जाळरेषा. दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल अशी आग निष्काळजीपणे पेटवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली गुन्हा आहेच, तरी सड्यावर साक्षीदार कुठून आणायचा? म्हणून हे काम वाडीलाच करावं लागेल. बागेच्या गडग्याबाहेर दहा-पंधरा फुटांचा पट्टा, रस्त्याच्या दोन्ही कडांना तेवढाच, गवत अर्धं वाळलेलं असताना कापायचं, ओढून एका जागी करायचं आणि पहाटे दव असताना, माणसं उभी करून जाळायचं. ग्रामपंचायतींनी त्या दिवसांची मजुरी धरावी. एका बागायतदाराला हे परवडत नाही आणि एकट्याने केलेल्या पट्ट्याचा उपयोगही होत नाही, कारण आग सातबारा बघून येत नाही.

गावात मी हा विषय काढला तेव्हा एक जण म्हणाला, काकी, एवढ्या मोठ्या सड्यावर तुम्ही पंधरा माणसं काय करणार? मी म्हटलं, टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात, आपल्याला तर नुसतं गवत कापायचंय. सतरा माणसं तयार झाली आहेत. दत्तजयंतीच्या आदल्या रविवारी सकाळी सहा वाजता कोयती, विळे, दाताळी घेऊन आम्ही व्हाळापासून वर सुरुवात करणार आहोत. शेजाऱ्यांच्या घरी मी स्वतः जाऊन सांगितलं. ते ओटीवरच उभे राहिले, मला बसा म्हणाले नाहीत. पण त्यांच्या सूनबाईंनी जाताना विचारलं, दाताळं आमच्याकडे दोन आहेत, आणू का? मी हो म्हटलं.

आपल्या दैनिकाने मार्गशीर्ष सुरू होताच, वणव्याची पहिली बातमी यायच्या आत, जाळरेषेची माहिती ठळक छापावी. कुठल्या गावांनी ती काढली आहे तेही छापावं, म्हणजे आमच्यासारख्यांना विचारायला जाता येईल.

आपली नम्र,
एक काजू बागायतदार,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी