पहिल्या दिवसाचं काम विचारणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

हे पत्र मुद्दाम उघडं लिहितो आहोत. तुमचे आभार तर मानायचेच आहेत, पण तुम्ही आयटीआयच्या वर्कशॉपमधून उठून, शिकून निघणारी पोरं कामाला लागून टिकावीत म्हणून औद्योगिक वसाहतीतल्या शेड-शेडमध्ये जे काम केलंत ते नेमकं काय होतं, हे इतर निदेशकांना आणि आमच्यासारख्या मशीनशॉपवाल्यांनाही कळावं. नुसतं 'सहकार्याबद्दल धन्यवाद' म्हटलं तर त्यातून कुणी काही शिकणार नाही.

आमची तक्रार 'माणूस मिळत नाही', पोरांची तक्रार 'काम मिळत नाही'. दोन्ही एकाच वेळी खरं. तुमच्या आधी जे कुणी विचारायला यायचं ते एकच विचारायचं: किती जागा आहेत? आम्ही आकडा ठोकून द्यायचो आणि तो आकडा कुठल्यातरी तक्त्यात जायचा. तुम्ही विचारलंत, "नवीन पोरगा पहिल्या दिवशी कुठल्या मशीनवर उभा राहतो? हातात काय घेतो? आणि त्याचा पहिला जॉब, म्हणजे त्याने घडवलेला भाग, कशामुळे रिजेक्ट होतो?" तिसऱ्या प्रश्नाला आमच्याकडे तयार उत्तर नव्हतं. रिजेक्शनच्या रजिस्टरमध्ये 'ऑपरेटरची चूक' एवढंच लिहिलेलं असायचं. तुम्ही ते रजिस्टर बाजूला ठेवून भंगाराची पेटीच उपसलीत.

त्या पेटीतून जे निघालं ते आधी सांगतो. बहुतेक जॉब मशीन चालवता न आल्यामुळे नव्हे, मोजता न आल्यामुळे वाया गेले होते. एक उदाहरण पुरे. 50 मिमीचं बोअर (आतलं गोल भोक), फिट एच7, म्हणजे टॉलरन्स (मापात चालणारा फरक) शून्य ते अधिक 25 मायक्रॉन; मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग. पोरगा व्हर्नियर लावतो. व्हर्नियरचं लीस्ट काउंट, म्हणजे त्याला दिसणारं सगळ्यात लहान माप, 0.02 मिमी, म्हणजे जवळपास सगळा टॉलरन्स एकाच रेघेत मावला. ज्या मापाचा टॉलरन्स 25 मायक्रॉन, त्याला एक-दोन मायक्रॉन दाखवणारं साधन हवं, म्हणजे डायल बोअर गेज आणि तो झिरो करायला सेटिंग रिंग. साधन टॉलरन्सच्या दहापट बारीक हवं, हा मोजमापाचा 'दहाला एक' नियम पुस्तकात असतोच. पण कुठल्या जॉबला कुठलं साधन उचलायचं, हे परीक्षेत कुणी विचारत नाही.

बोअर गेज दिला तरी दुसरी चूक उभीच. जॉब चकातून (लेथच्या पकडीतून) काढला की गरमच मोजायचा. पोलाद दर मीटरला, दर अंशाला साधारण 11.5 मायक्रॉन वाढतं. जॉब 20 अंशांनी गरम असेल तर 50 मिमीचं बोअर साडेअकरा मायक्रॉनने मोठं दिसतं. जवळजवळ निम्मा टॉलरन्स तिथेच गेला. गेजवर 50.008 वाचलं, ओके म्हणून ट्रेमध्ये ठेवलं. गार झाल्यावर तेच बोअर 49.9965. आता गो गेज, म्हणजे बरोबर बोअरमध्ये सहज जायला हवा तो तपासणीचा दांडा, आत जात नाही. मग पोरगा काय करतो? गो गेज दाबून, फिरवून घालतो. गेज झिजून लहान होतो, आणि पुढचे लहान बोअरचे बाद जॉबसुद्धा त्या गेजने ओके ठरायला लागतात. एका घाईची किंमत अशी तीन ठिकाणी मोजावी लागते. तुम्ही हीच साखळी फळ्यावर काढून दाखवलीत आणि शेवटी विचारलंत, "यातलं मशीनचं ज्ञान कुठे कमी पडलं?" कुठेच नाही.

त्यानंतर तुम्ही अभ्यासक्रमाला हात न लावता शेवटच्या सत्रात रोजची वीस मिनिटं काढलीत. पाच जॉब, प्रत्येक जॉब तीनदा मोजायचा, आकडा लिहून कागद उलटा ठेवायचा. तोच जॉब दुसऱ्याने मोजायचा. मायक्रोमीटरवर दोघांच्या आकड्यांत 0.02 पेक्षा जास्त फरक आला की थांबायचं आणि कारण शोधायचं: झिरो तपासला होता का, रॅचेट (ठरलेल्या दाबाला निसटणारं टोक) वापरलं की थिंबलच (फिरवायची नळी) आवळलं, जॉबवर बर (कडेला राहिलेली धातूची कोर) राहिली होती का, मायक्रोमीटर हातात धरून गरम झाला होता का. खर्च शून्य. मोठ्या कारखान्यांत मोजमाप-यंत्रणा तपासण्याच्या नावाखाली हेच चालतं, फक्त तिथे तक्ते छापील असतात.

दुसरी मोठी गोष्ट ऑफसेटची, म्हणजे टूलची जागा सरकवणाऱ्या आकड्याची. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर बाहेरचा व्यास 40.00 हवा आणि 40.04 आला, तर वेअर ऑफसेटमध्ये (झिजेच्या दुरुस्तीच्या आकड्यात) एक्सला, म्हणजे व्यासाच्या दिशेला, उणे 0.04 घालायचे. व्यासाचं प्रोग्रॅमिंग असल्यामुळे निम्मे नाहीत, पूर्ण. इथवर सगळ्यांना येतं. पण फानुक कंट्रोलवर (मशीन चालवणाऱ्या फानुक कंपनीच्या संगणकावर) 'इनपुट' आणि 'प्लस इनपुट' अशा दोन कळा शेजारी शेजारी असतात. प्लस इनपुट आधीच्या आकड्यात भर घालते, इनपुट आधीचा आकडा पुसून नवा ठेवते. आधी उणे 0.12 असताना पोराने उणे 0.04 लिहून नुसतं इनपुट दाबलं, की टूल 0.08 ने बाहेर येतं आणि पुढचा जॉब 40.12 होतो. एवढ्यावर भागलं तर नशीब, मटेरियल शिल्लक असतं. पण 0.04 च्या जागी 0.4 दाबलं, की व्यास 39.64. तो जॉब थेट भंगारात. तुम्ही लावलेली सवय आता आमच्या जुन्या ऑपरेटरांनाही लावली आहे: आधीचा आकडा, भर घालायचा आकडा आणि येणारा आकडा, तिन्ही मशीनशेजारच्या वहीत लिहायचे, शेजाऱ्याने मोठ्याने वाचायचे, मगच कळ दाबायची.

एका बाबतीत आमचं तुमच्याशी अजून जमत नाही, तेही लिहून टाकतो. फिटरच्या पोरांकडून सुरुवातीला करून घेतलं जाणारं महिनोन्महिने फायलिंग आम्हाला जास्तच वाटतं. हाताला सपाटी कळते, दाब कळतो, हे मान्य. पण तेवढ्यासाठी इतके आठवडे? बर काढणं, चॅम्फर मारणं (कडा तिरकी छाटणं) आणि जॉब पुसून मोजायला ठेवणं यात त्यातला थोडा वेळ गेला तर पहिल्या महिन्याचं निम्मं रिवर्क वाचेल, असं आमचं मत. तुम्ही हसून सोडून दिलंत, पण आमचा मुद्दा तसाच आहे.

आता शिकाऊ उमेदवारीचा हिशोब. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा वसाहतीत सगळ्यांनी ऐकलेला होता, पण बहुतेकांच्या डोक्यात तो 'मोठ्या कंपन्यांचा' होता. तुम्ही 2019 च्या नियमांचा आकडा समोर ठेवलात: 30 किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ घेणं बंधनकारक, 4 ते 29 असतील तर ऐच्छिक, आणि प्रमाण एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. खरी मेख 'एकूण' या शब्दात होती. '22 माणसांचं शॉप आहे, आम्हाला लागू नाही,' म्हणणाऱ्याकडे ठेकेदाराची 18 माणसं वेगळी असायची. कंत्राटी माणसं त्यात धरावीच लागतात. झाले 40, म्हणजे किमान एक आणि जास्तीत जास्त सहा शिकाऊ. त्याच नियमांत आयटीआय पास उमेदवाराचं किमान विद्यावेतन महिना 7,000 रुपये ठरलं आणि दुसऱ्या वर्षी त्यात दहा टक्के वाढ. 2016 च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, पण 1,500 रुपयांपर्यंतच, सरकार उचलतं. सात हजारांचा चौथा हिस्सा 1,750 होतो. तेवढा मिळेल असं धरून बसलेल्यांना तुम्ही वेळीच सावध केलंत.

आणि जे कुणी स्पष्ट बोलत नव्हतं ते तुम्ही बोललात: शिकाऊ म्हणजे स्वस्त हेल्पर नव्हे. कायद्याखालच्या शिकाऊला पीएफ-ईएसआय लागू नाही, एवढंच ऐकून खूश झालेल्यांना तुम्ही कलम 16 वाचून दाखवलंत. प्रशिक्षणात इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. गार्ड नसलेल्या पॉवर प्रेसवर नवीन पोराला उभं करणारे त्यानंतर दोनदा विचार करू लागले. कराराची नोंदणी शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर झाल्याशिवाय पोराला मशीनपाशी न्यायचं नाही, ही तुमची अट सुरुवातीला जाचक वाटली होती. आता वाटत नाही.

पहिल्या महिन्यात पोरं का सोडून जातात, याची तुम्ही केलेली यादी आम्हाला सगळ्यात जास्त बोचली. आम्ही म्हणायचो, 'आजकालच्या पोरांना कष्ट नकोत.' यादीत कष्ट कुठेच नव्हते. पहिली पाळी सातची आणि गावाकडून येणारी पहिली एसटी वीस मिनिटं उशिरा. रोज लेट मार्क, तीन लेटला अर्धा दिवस कापला. बँक खातं आधारला जोडलेलं नाही, त्यामुळे 2023 पासून थेट खात्यात जमा होणारा सरकारचा हिस्सा अडकला, आणि पोराला वाटलं मालकाने खाल्ला. मुलींसाठी स्वच्छतागृह दुसऱ्या शेडमध्ये, त्याची किल्ली वॉचमनकडे. आणि पहिले पंधरा दिवस कुणी काही सांगत नाही, फक्त झाडायला लावतात. यातल्या तीन गोष्टी एका आठवड्यात सुटल्या: शिकाऊंची पाळी साडेसातची केली, रुजू होण्याच्या दिवशीच आधार-जोडणी तपासायची ठरली, किल्लीचा प्रकार बंद झाला.

चौथ्याला वेळ लागला, कारण प्रश्न आमच्या जुन्या ऑपरेटरांचा होता. चांगलं काम करणारा माणूस चांगलं शिकवतोच असं नाही. तो स्वतः सेटिंग करतो आणि 'बघ' म्हणतो. हात इतका सराईत की बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. तुम्ही त्यांना चार पायऱ्या दिल्यात: आधी बोलत बोलत करून दाखवायचं, मग पोराने सांगायचं आणि उस्तादाने करायचं, मग पोराने करायचं आणि उस्तादाने हात मागे बांधून उभं राहायचं, शेवटी पोराने एकट्याने. तिसरी पायरी सगळ्यात अवघड. हात मागे राहतच नाहीत. उत्पादनाच्या तासातून शिकवण्याची अर्धी घटका वेगळी धरा, नाहीतर इन्सेंटिव्ह बुडतो म्हणून कुणी शिकवणार नाही, हेही तुम्हीच सुचवलंत. आम्ही ते केलं, कुरकुरतच का होईना.

रोजगार मेळाव्यांबद्दलचं तुमचं मत सगळ्यांना पटलं नाही, पण पद्धत पटली. मेळाव्यात 'निवड झालेले' मोजले जातात. तुम्ही मोजता 30, 90 आणि 180 दिवसांनी कामावर असलेले, आणि गेलेल्याला फोन करून एकच प्रश्न: गेलास कुठे? दुसऱ्या शॉपमध्ये जास्त पगारावर गेला असेल तर तुमच्या वहीत ते अपयश धरलं जात नाही. त्याचं काम सुटलेलं नाही, ते भागातच राहिलंय. आम्ही मात्र यावरच अडून होतो: आम्ही शिकवायचं आणि शेजाऱ्याने पाचशे रुपये जास्त देऊन न्यायचं? तुमचं उत्तर पायऱ्यांच्या पगाराचं होतं. लोडिंग-अनलोडिंग, स्वतः मोजून ओके देणं, ऑफसेट टाकणं, सेटिंग, प्रोग्रॅम दुरुस्ती, अशा पाच पायऱ्या. प्रत्येक पायरीला ठरलेली वाढ. आणि पायरी चढण्याची परीक्षा मागेल त्या महिन्यात. पोरगा पाचशेसाठी जातो तेव्हा बहुतेक वेळा पुढे काय मिळणार हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. वसाहतीतल्या सगळ्यांनी पायऱ्या एकसारख्या ठेवल्या तर पळवापळवीला फारसा अर्थ उरत नाही. सगळे अजून तयार नाहीत, पण निम्म्या शेडमध्ये तक्ता भिंतीवर लागला आहे.

पहिल्या दिवसाच्या कामाची जी कार्डं आहेत, त्यातल्या व्हीएमसीच्या (उभ्या सीएनसी मिलिंग मशीनच्या) कार्डात एक बदल सुचवतो आहोत: 'वाइसचा (जॉब पकडणाऱ्या शिकंजाचा) बेड पुसून, डायल लावून समांतर बघणं' वाढवा. वाइसखाली चिप अडकून तिरपे झालेले जॉब या खेपेला जास्त निघाले.

पत्रासोबत एक लाकडी पेटी पाठवतो आहोत. त्यात रिजेक्ट झालेले बारा जॉब आहेत, प्रत्येकाला क्रमांक आणि ड्रॉइंग जोडलं आहे. चूक कुठे झाली ते लेबलवर लिहिलेलं नाही, ते पुढच्या बॅचने शोधायचं. उत्तरांचा कागद वेगळ्या पाकिटात तुमच्या नावे आहे. सात नंबरच्या जॉबबद्दल आमच्यातच दोन मतं आहेत, ती दोन्ही लिहिली आहेत.

आपले,
वसाहतीतले मशीनशॉपवाले आणि सुपरवायझर