झारी तुमचीच राहील, बाबा

ती. बाबा व ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बाबा मला वाक्य पुरं करू देत नाहीत, म्हणून पत्र. येत्या रविवारी दोन माणसं येतील. ५०० लिटरची टाकी, काळी नळी आणि ठिबकचं बाकीचं सामान घेऊन. पैसे देऊन झालेत. त्यांना चहा पाजून परत पाठवू नका.

आधी विचारलं असतं तर तुम्ही ‘बघू’ म्हणाला असतात. तुमचं ‘बघू’ म्हणजे काय, ते आपल्या गळक्या पडवीला विचारा.

विहिरीच्या ओल्या पायरीवरून घसरलात, हे मला पाच दिवसांनी कळलं, तेही शेजारच्या काकूंकडून. आई, निदान तू तरी! मागच्या शनिवारी आले होते तेव्हा मी ओट्यावर बसून गुपचूप मोजलं. १५ लिटरची बादली, १८ खेपा. म्हणजे २७० किलो पाणी, गुडघ्याला पट्टा बांधून, वयाच्या ७४व्या वर्षी. खरं तर मीच तिथे असायला हवं. नाही जमत, बाबा. ते मनाला लागून राहतं, आणि मग मी अशी नळ्या विकत घेत सुटते.

पण बाग काढून घेत नाहीये हं मी. आषाढात आईच्या अनंतावर तुम्ही माझ्याकडून गुटी बांधून घेतलीत, आठवतंय? बोटभर साल गोल सोलली, ओलं शेवाळ गुंडाळलं, वर प्लॅस्टिक आणि सुतळी. ‘दीड महिना हात लावायचा नाही’, म्हणालात. दर फोनला माझं एकच, आली का मुळं? गणपतीला आले तर प्लॅस्टिकच्या आत शेवयांसारखी पांढरी मुळं. एसटीत मांडीवर घेऊन पुण्याला आणलं रोप, आणि इथे त्याने मला चार महिने एक पान दाखवलं नाही. होती ती दोन पिवळी पडून गळली. फेकणारच होते. तुम्ही म्हणालात, ‘आत काय चाललंय ते तुला दिसतंय का? राहू दे.’

रथसप्तमीच्या सुमारास शेंड्याला तेलकट हिरवी घडी दिसली. रोज थोडी उलगडायची. चहा हातात निवला, ऑफिसची मीटिंग चुकली, मी आपली गॅलरीत उभी. सकाळी सहा ते आठ तुम्ही परसात नक्की काय करत असता, ते मला चाळिसाव्या वर्षी कळलं.

म्हणून नळी फक्त माडांना आणि पोफळींना. एका ड्रिपरमधून तासाला चार लिटर, थेंब थेंब. आपल्या जांभ्याच्या मातीत बादली ओतली की भसकन खाली जाते, तसं होणार नाही. मोगरा, अबोली, मिरच्या, तुळस यांच्याकडे नळी फिरकणारसुद्धा नाही. तिथे झारी, आणि झारी तुमचीच. लहानपणी मी माडाच्या आळ्यात पाय सोडून बसायचे आणि तुम्ही पायांवर पाणी घालून ‘वाढतेस का बघू’ म्हणायचात. तेवढं हळू पाणी घाला, घाई कसली आहे आता?

आता ऐका. गाळणी दर आठवड्याला धुवायची. नळीचं टोक उघडून गाळ वाहू द्यायचा. हे काम वाडीतला तो पोरगा करेल, त्याच्याशी बोलले आहे. त्याला ओरडायचं नाही. आळ्यांत नारळाची सोडणं आणि पाला पसरायचा, तोही त्यानेच. विहिरीच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. आई, गोळ्यांचा डबा देवघरात नको, स्वयंपाकघरात दिसेल असा ठेव. आणि बाबांनी पंप चालू केला की त्यांना स्टुलावर बसव, उभं राहून बघण्यासारखं त्यात काही नाही.

अनंताला अजून कळी नाही. मी विचारतही नाही त्याला.

तुमची,
बाय

ता. क. आई, बाबांनी नळी गुंडाळून माळ्यावर टाकली तर मला त्याच दिवशी कळव. काकूंच्या आधी.