आठ वाजताचा फोन

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "अख्खं गाव बाबांवर संशय घेत होतं, तेव्हा तुला नाही ना आला?" ते शेजारीच बसले होते, म्हणून मी विषय बदलला. आज १४ एप्रिल, ते मानवंदनेला गेलेत. निवृत्त झाले तरी खिशाला छोटा ध्वज लावून जातातच. १९४४ साली मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाची आग विझवता विझवता स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांचा हा दिवस. घर रिकामं आहे तोवर लिहिते.

आला होता गं. आठ दिवस.

१९८७ चा उन्हाळा. पावसानं दगा दिलेला, कडबा महागलेला, आणि दिवेलागणीला गंज्या पेटायच्या. नगरपालिकेचा एकच बंब, त्यावर तुझे बाबा. मी टेलिफोन एक्स्चेंजला ऑपरेटर, बोर्डात कॉर्ड खोचून लाइन जोडून द्यायची. आमची ओळख नुसती आवाजाची. रोज रात्री आठला, माझी ड्यूटी सुटायच्या आधी, ते फोन करायचे, "लाइन चालू आहे ना?" लाइन चालूच असायची, दोघांनाही ठाऊक होतं.

बंब दर वेळी लवकर पोचायचा. "ह्यालाच आधी कसं कळतं?" असं कुणी तरी पारावर बोललं आणि गावभर झालं. तिसऱ्या आगीनंतर त्यांच्या शर्टाला रॉकेलचा वास येतो म्हणाले. त्या दिवसापासून आठचा फोन आला की मी न बोलता कॉर्ड ओढून घ्यायचे.

चौथ्या वेळी बोर्डावर मी होते. सव्वासातला बोर्डावरचं शटर, म्हणजे फोन आल्याची खूण देणारी छोटी झडप, पडलं; कडब्याच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामाच्या लाइनचं. "बंब द्या." जोडून दिलं. लाइन लागली का ऐकताना कानावर आलं, "ओढ्याकाठच्या मळ्यात गंजी पेटलीय." नाव न सांगता त्यानं फोन ठेवला. तो मळा आमच्या खिडकीतून समोर दिसायचा. मी उठून पाहिलं. नुसता अंधार. बंब घंटा वाजवत खालून गेला, आणि मग कुठे ओढ्याकडे तांबडा ठिपका उमटला.

दुसऱ्या दिवशी बाबांना चौकीवर नेलं.

बोर्डावर ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, ही आमच्या नोकरीची शपथ. वर तुझे आजोबा म्हणाले, पोरीच्या जातीनं चौकीची पायरी चढू नये. मी दोन दिवस गप्प राहिले. मनू, संशयापेक्षा ते दोन दिवस मला जास्त बोचतात. तिसऱ्या दिवशी सगळं वेळेसकट कागदावर लिहून सुपरवायझरांपुढे ठेवलं आणि तशीच फौजदारांकडे गेले.

व्यापाऱ्याचा गडी लगेच फुटला. शेठ त्याला पेटवायला पाठवायचा, भाव चढावा म्हणून. पण शेजारच्या मळ्यात शेठचा स्वतःचा माल रचलेला, तो वाचायला बंब वेळेवर हवा. त्या दिवशी फोन करायची घाई झाली, एवढंच. आग लावून नुकसान केल्याचं कलम ४३५ लागलं.

बाबा सुटून आले त्या रात्री आठला शटर पडलं. "लाइन चालू आहे ना?" आवाज बसला होता. मी म्हटलं, "चालू आहे," आणि कॉर्ड तशीच राहू दिली. किती तरी वेळ दोघंही बोललो नाही.

आधीचे आठ दिवस मी कॉर्ड का ओढत होते, ते त्यांनी आजवर विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आज जेवायला बसले की सांगणार आहे.

तुझी,
आई