‘लमसम’च्या कागदावर घर सोपवू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुना फ्लॅट नवा करून भाड्याने द्या, असा सल्ला देणारे लेख हल्ली मालमत्ता पुरवण्यांत वरचेवर येतात. टाइल कोणत्या, दिवे कुठे, सगळे असते. ठेकेदाराशी कागद कसा करावा यावर मात्र असली तर एखादी ओळ. सार्वजनिक बांधकाम विभागात शाखा अभियंता म्हणून माझी उभी नोकरी मोजमाप पुस्तिका भरण्यात गेली, त्यामुळे ही उणीव जरा जास्तच खुपते.

गेल्या वर्षी माझी पुतणी डोंबिवलीतल्या तिच्या वन-बीएचकेचे कोटेशन घेऊन आली. इमारत नव्वदच्या दशकातली, कार्पेट (भिंतींच्या आतले क्षेत्रफळ) ४०० चौरस फूट, फ्लॅट भाड्याने द्यायचा. कोटेशनमधली एक ओळ अशी : ‘बाथरूम-टॉयलेट रिनोव्हेशन, मटेरियलसकट, लमसम १,८५,०००.’ लमसम म्हणजे तपशील न देता लिहिलेली एकठोक रक्कम. पण तीत नक्की काय येते? संकन स्लॅबमधला (बाथरूमखालच्या खोलगट स्लॅबमधला) जुना भराव काढून खालपासून वॉटरप्रूफिंग, की जुन्या टाइलवरच नव्या चिकटवायच्या? ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा जलरोधक थर), की केमिकलचे दोन हात मारून मोकळे? भिंतीतली गंजलेली जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपची) लाइन काढून सीपीव्हीसी (प्लॅस्टिकचे पाइप) टाकणार, की नुसते नळ चकचकीत करणार? टाइलचा बेसिक रेट, म्हणजे नुसत्या टाइलचा खरेदीचा दर, किती धरला? आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून राडारोडा उतरवायचा कोणी? आधी विचारले नाही, तर यातल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर काम अर्ध्यावर आल्यावर मिळते आणि बिलात ते ‘एक्स्ट्रा’ म्हणून येते.

रंगकामाचेही तसेच. कार्पेटच्या साडेतीनपट, म्हणजे १,४०० चौरस फूट धरून मोकळे. आम्ही टेप लावला. किचनच्या टाइल आणि कपाटामागची भिंत वगळून १,१५० भरले. मोजमापाचे नियम आपल्याकडे आयएस १२०० या भारतीय मानकात अगदी बारकाईने दिलेले आहेत. गिलावा मोजताना अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करायची नाही, इथपर्यंत. घरमालकाने ते पाठ करायची गरज नाही. करारात ‘प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे’ एवढे असले आणि मोजताना आपण टेपचे दुसरे टोक धरले म्हणजे झाले.

पैशांची मागणी नेहमीचीच : ५० टक्के आगाऊ, ४० टक्के महिन्याने, बाकी किल्ली देताना. काम होवो न होवो, महिना भरतोच. सरकारी कामात आधी मोजमाप, मग चालू बिल (झालेल्या कामापुरते), त्यातून अनामत कापून रक्कम, अशी रीत आहे. तिच्या नावाने लोक बोटे मोडतात, पण घरात तीच हवी. त्यातही जे काम पुढे झाकले जाणार, त्याचा हप्ता वेगळा ठेवावा. पाइपसाठी भिंतीत पाडलेल्या झिऱ्या (खाचा) बुजवण्याआधी प्रेशर टेस्ट, म्हणजे दाबाने पाणी भरून गळती तपासणे. वॉटरप्रूफिंग झाले की ४८ तास पाणी भरून ठेवायचे, खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचे छत बघायचे, मगच टाइल आणि मगच हप्ता. एकदा टाइल बसली की खाली काय केले आहे ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. शेवटचे पाच टक्के आम्ही किल्ली मिळाल्यावर नव्हे, तर भाडेकरू सहा महिने राहिल्यावर द्यायचे ठरवले. बाथरूमची खरी परीक्षा रोजच्या वापरात होते.

हे ऐकून पहिला ठेकेदार ‘काका, एवढा अविश्वास असेल तर राहू द्या’ म्हणत उठला. त्याला उठू दिले. दुसऱ्याने कागद नीट वाचला आणि स्वतःची दोन कलमे घालून घेतली : टाइल निवडायला मालकाने उशीर केला किंवा सोसायटीने काम थांबवले, तर तेवढे दिवस मुदत वाढेल. दोन्ही रास्त. मुदत चुकली तर आठवड्याला ४,००० रुपये, हे त्यानेही मानले. हा आकडा आम्ही अपेक्षित भाड्यावरून काढला. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारातली रक्कम ही कमाल मर्यादा असते. न्यायालय तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई देते. धाक म्हणून लाख रुपये दंड लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता गुंतवणुकीचे गणित. खर्च सहा लाख, भाडे १४ हजारांवरून १७ हजार. वर्षाला ३६ हजार जास्त, म्हणजे मुद्दल फिटायलाच साडेसोळा वर्षांहून जास्त. फ्लॅट महिनाभर जास्त रिकामा राहिला की १७ हजार गेले. (फॉल्स सिलिंगने भाडे वाढते असे मला अजून तरी दिसलेले नाही.) शिवाय ‘बिल नको, १८ टक्के जीएसटी वाचेल’ हा प्रेमळ सल्ला मिळतोच. भाड्याच्या उत्पन्नावर दुरुस्तीपोटी सरसकट ३० टक्के वजावट मिळते, प्रत्यक्ष खर्च कितीही असो; तिथे बिल लागत नाही. मात्र पुढे फ्लॅट विकताना सुधारणेचा भांडवली खर्च खरेदी किमतीत धरता येतो, आणि तो सिद्ध करायला पक्के बिल लागते.

तक्रारीला महारेरा (बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणारे राज्याचे प्राधिकरण) आहे ना, असे अनेकांना वाटते. रेरा कायद्याचे कलम ३(२)(ग) वाचावे : विक्री वा जाहिरात नसलेल्या नूतनीकरणाला, दुरुस्तीला नोंदणी लागत नाही, म्हणून इथे ते कामी येत नाही. ५० लाखांपर्यंतच्या सेवेसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे, पण भाड्याच्या फ्लॅटबाबत ‘व्यावसायिक हेतू’चा, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही असा, आक्षेप घेतला जाऊ शकतो. आणि तिथेही शेवटी विचारणार, कागदात काय लिहिले आहे?

बिल्डरकडून घर घेताना रेराने विक्री कराराचा नमुना दिलेला आहे. सोसायट्यांना आदर्श उपविधी आहेत. पाच-दहा लाखांच्या घरदुरुस्तीसाठी तसाच दोन पानी नमुना मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेने करावा आणि आपल्या पुरवणीने तो छापावा, ही विनंती. तो मराठीत हवा, आणि वकिली मराठीत नको. सही करणारा मिस्त्रीही तो वाचणार आहे.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता, डोंबिवली (पूर्व)