दूधसागरचं मॉडेल आणि कुळ्याची लाल माती

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही माझ्या दूधसागरच्या रेल्वे मॉडेलचं विचारलंत, रूळ आले, गाडी आली, मग अडलंय कुठे, ते तेव्हा नीट सांगता आलं नाही म्हणून आता सविस्तर लिहिते. अडलंय घाटावर. रूळ मिळायला काहीच त्रास झाला नाही, कारण स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या कितीतरी गाड्या आपल्या गोव्यातल्या जुन्या कुळे लाइनसारख्या मीटरगेजच, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेल्या, आहेत आणि त्यांची मॉडेलं करणारे इथे जर्मनीत भरपूर. १:८७ स्केलला, म्हणजे खऱ्याच्या सत्याऐंशीव्या भागाएवढं केलं की, खरा एक मीटरचा गेज साडेअकरा मिलिमीटर होतो, दुकानात १२ चा तयार मिळतो. गाडी सध्या स्विस आहे, ती पुढे बदलता येईल. मला करायचाय तो तुमच्या गार्डाच्या ड्युटीचा घाट, नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज व्हायच्या आधीचा, कॅसलरॉक ते कुळे. आणि इथल्या पाकिटांतली झाडं, गवत, दगड सगळं आल्प्सचं! सूचिपर्णी झाडं पाहिजे तेवढी, माड एकही धड नाही.

आधी उंचीचं सांगते. दूधसागर ३१० मीटर, म्हणजे या स्केलला साडेतीन मीटरच्या वर जातो आणि आमच्या तळघराचं छत त्याच्या कितीतरी खाली. म्हणून रेल्वे पुलाजवळचा खालचा टप्पा मोठा करायचा आणि वरचे टप्पे मुद्दाम लहान करत न्यायचे, मागची झाडं पण बुटकी, रंग वर वर फिका आणि निळसर करत जायचा, मग डोळ्याला तो डोंगर लांबचा वाटतो. चढ मात्र मी कमी करणार नाही, ३७ ला १ म्हणजे ३७ लाच १. दहा सेंटीमीटर चढायला जवळजवळ पावणेचार मीटर रूळ लागतो हे कागदावर मांडल्यावर मला पहिल्यांदा खरं कळलं की तुमच्या गाडीला मागून इंजिनं का लावावी लागायची.

डोंगराचा सांगाडा निळ्या थर्माकोलसारख्या घट्ट फोमचा, सुरीने कापून एकावर एक चिकटवलेला, त्यावर प्लास्टरची पट्टी ओली करून पसरायची, तीच जी हात मोडल्यावर डॉक्टर गुंडाळतात. धबधब्यामागचे खडक रबरी साच्यात प्लास्टर ओतून करते, त्यांना एकदम काळा रंग द्यायचा नाही, पाण्यासारखा पातळ करून राखाडी, मग तपकिरी, मग शेवाळी असा थरावर थर सोडायचा, तो भेगांत आपोआप उतरतो आणि उंचवटे कोरडे राहतात. जांभा दगड मला सगळ्यात छान जमलाय असं वाटतं. फोमच्या चिऱ्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा दाबून फिरवायचा, मग तारेच्या ब्रशने टोचायचं, की त्याची ती भोकाभोकांची कातडी येते, वर विटकरी रंग आणि खाचांत काळपट. बाबा, घाटातल्या रुळालगतच्या भिंतींना पाणी जायला भोकं होती ना, ती किती अंतरावर असायची? आणि त्यांच्याखाली शेवाळाचे ओघळ होते का? हे फोटोत कुणी काढलेलं नसतं, सगळे धबधबाच काढतात.

आई, आता तुझं काम. चवथीला मावशीकडे कुळ्याला जाशील तेव्हा माती घेऊन ठेवू नकोस, भारतातून इथे माती आणायला बंदी आहे, पार्सलमध्ये सापडली तर काढून टाकतील. फोटो पाठव. पांढरा कागद शेजारी ठेवून, सावलीत, एकदा कोरडी आणि एकदा ओली, कारण कागदाचा पांढरा बघून मला फोनने किती रंग बदललाय ते काढता येतं. इथली माती चाळून, ओव्हनमध्ये वाळवून, चहाच्या गाळणीने भुरभुरते आणि वर पाणी घातलेला पांढरा गोंद सोडते, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, नाहीतर गोंद मातीत न मुरता थेंबाथेंबाने वरच राहतो. गोंद वाळला की माती एक छटा गडद होते, म्हणून आधी फिकी घ्यायची. मातीवरून चुंबकही फिरवायचा, लोखंडाचा कण इंजिनाच्या मोटरीत ओढला गेला तर मोटर जाते. कुळ्याची खनिजवाली माती आली असती तर चुंबकाला किती चिकटली असती कोण जाणे.

रेल्वे क्वार्टर्सच्या भिंतींचा पण फोटो हवा, नव्याने रंगवलेल्या नको. पावसात पागोळ्यांनी लाल चिखल उडून पांढऱ्या भिंतीला गुडघाभर लाल पट्टा यायचा ना, तो. तो पट्टा आला की ते घर गोव्यातलं, नाहीतर नुसतं कौलारू घर, कुठलंही.

हिरव्याचं तर विचारूच नकोस. गवताचे तंतू मशीनमधून विजेच्या भाराने गोंदावर उभे राहतात, दोन मिलिमीटर, चार, सहा, पण रंग सगळे युरोपच्या उन्हाळ्याचे, पिवळट. आपला जुलै म्हणजे खाली काळपट हिरवा, वर कोवळा पोपटी, मधे बांबूचा तिसराच. मावशी माटोळीचं, म्हणजे चवथीला गणपतीवर टांगायच्या रानफळा-पानांच्या मांडवीचं, सामान आणायला रानात हिंडलेली आहे, तिला विचार पुलाच्या अलीकडे ऐनाची झाडं किती, किंदळाची किती, पोफळी कुठून सुरू होतात. पोफळी मी तारेवर हिरवी टेप गुंडाळून करते, माड अजून नीट झुकत नाही, सगळे खांबासारखे सरळ उभे राहतात.

पाणी अजून केलेलं नाही. पारदर्शक सिलिकॉन बेकिंग पेपरवर ओढून टूथपिकने उभे धागे काढायचे, वाळल्यावर सोलून खडकावर चिकटवायचं आणि कोरड्या ब्रशने पांढरा टेकवायचा. सगळं एकसारखं पांढरं केलं की प्लास्टिक दिसतं, मधे मधे काळा खडक दिसायला हवा, विशेषतः पाऊस नुकता सुरू झाला असेल तर. म्हणून बाबा, मला ठरवून द्या, जूनचा करू की ऑगस्टचा? तुम्ही जो म्हणाल तो करीन, तुम्ही तो गार्डाच्या डब्यातून सगळ्या महिन्यांत बघितलाय.

उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर नको, कागदावर काढून फोटो पाठवा, भिंत कुठल्या बाजूला आणि दरी कुठल्या ते बाण काढून. मावशीला नमस्कार, माटोळीचा फोटो नक्की.

तुमची,
छकुली