बी विंगच्या काकांना, टॉर्च धरल्याबद्दल

काका,

तुम्ही व्हॉट्सॲपवर नाही, आणि समोर येऊन आभार मानावेत तर "चल, काहीतरीच" म्हणून विषय बदलता. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. चार लोकांनी वाचलं तर बरंच. त्यात ते टायरवाले असले तर फारच बरं.

त्यांच्यावरचा राग अजून उतरलेला नाही. नवे टायर चढवताना त्यांच्या पोराने नट हाताने दोन आटेसुद्धा न फिरवता थेट एअर गन टेकवली. वाकडा बसलेला नट तसाच घर्र करून पिळला. एक स्टड, म्हणजे चाकामागच्या हबमधला ज्यावर नट बसतो तो बोल्ट, मोडला, शेजारच्याचे आटे गेले. मालक काय म्हणाला? "मॅडम, मुंबईत कुठे एवढा स्पीड असतो, चालून जाईल." चार नटांचं चाक, त्यातले दोन गेलेले, आणि म्हणे चालून जाईल! पुढे एका मोठ्या गॅरेजने सांगितलं, हब आणि बेअरिंग, सगळंच बदलावं लागेल. वर "साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो." आमचे साहेब दुबईला असतात आणि स्टेपनी कुठे असते हे त्यांना अजून माहीत नाही, पण ते असो.

सोसायटीच्या ग्रुपवर सल्ल्यांना तोटा नव्हता. गाडी विकून टाका इथपर्यंत मजल गेली. खाली येऊन चाक बघितलं ते फक्त तुम्ही, हातात दुधाची पिशवी घेऊन. वाकून बघितलंत आणि विचारलंत, "तुला करायचंय का, बाय? घरी होण्यासारखं आहे."

मग जुना नट माझ्या हातावर ठेवून नवे स्टड आणायला मला कुर्ल्याला पाठवलंत, सीएसटी रोडला. "दिसायला सगळे बारा मिलिमीटरचेच असतात. पण दोन आट्यांमधलं अंतर आपल्या मारुतीचं 1.25 मिलिमीटर, ह्युंदाई-होंडाचं 1.5. हा नट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरला तरच पैसे दे." दुकानदाराने पहिला स्टड काढून दिला त्यावर नट दोन आट्यांत अडकला. "चालतो मॅडम, पान्याने बसेल," हे तिथेही ऐकलं. मी नट पुढे धरून उभी राहिले. मुकाट्याने दुसरा डबा उघडला त्याने.

पण मला सांगायचंय ते टॉर्चबद्दल.

पार्किंगमधला दिवा पावसाळ्याच्या तोंडावर गेला तो गेलाच, कमिटी अजून कोटेशन मागवतेय. बाहेर पाऊस कोसळत होता. तुम्ही रंगाची रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर बसलात आणि टॉर्च धरलात. आपल्याकडे घरोघरी हे काम पोरांचं. बाबा स्क्रू फिरवणार, पोर उजेड धरणार आणि "कुठे पाडतोयस उजेड" म्हणून बोलणी खाणार. इथे बेस्टच्या वर्कशॉपात हयात घालवलेला माणूस उजेड धरून बसला होता आणि हातोडी माझ्या हातात होती. मी सारखी वाट बघत होते, आता म्हणतील, "दे इकडे." आजवर पाना हातात घेतला की कुणी ना कुणी तो काढूनच घेतलाय. तुम्ही नाही घेतलात. ब्रेकचा कॅलिपर सुटला तेव्हा एवढंच म्हणालात, "ब्रेकच्या पाईपवर भार नको," आणि तो टांगायला खिशातून तारेचा हँगर काढून दिलात, लाँड्रीवाल्याचा. जुना स्टड ठोकल्यावर टण्णकन उडून शेजारच्यांच्या स्कूटरखाली गेला, तो बघायलाही तुम्हीच वाकलात.

नवा स्टड ठोकून नाही, पुढून वॉशर लावून नट आवळत आत ओढायचा, हे तुम्ही सांगितलंत. तो पुरता बसला हे ओळखायचं कसं, ते मात्र सांगितलं नाहीत. मी पाना फिरवत राहिले, जड, जड, आणि एका क्षणी तो एकदम ठाम झाला. मी वर बघितलं. "कळलं ना?" म्हणालात. तेवढ्यात उजेड जरासा हलला. तुमचा हात भरून आला होता. "थांब हां," म्हणून टॉर्च दुसऱ्या हातात घेतलात, आणि उजेड पुन्हा बरोब्बर हबच्या मागे, माझ्या डोक्याची सावली पडणार नाही असा. काका, त्या "थांब हां"ने मला का भरून आलं, ते मला अजून नीट सांगता येणार नाही.

गाडीच्या पुस्तिकेत नट 85 न्यूटन-मीटरला आवळा असं लिहिलंय. तुमचा टॉर्क पाना, म्हणजे ठरलेला जोर लागला की आवाज करणारा पाना, खाकी फडक्यात गुंडाळलेला होता. प्रत्येक नटाला त्याने 'कट्' केलं की म्हणायचात, "बस. पान्यावर उड्या मारणारे लोक गाडीचे वैरी." आणि शंभर किलोमीटर झाले असतील-नसतील तोच इंटरकॉमवर विचारणा, परत एकदा पाना फिरवलास का म्हणून. बिल घेणाऱ्यांपैकी एकाचाही फोन आलेला नाही.

ज्याला काम येतं त्याने ते करून दाखवणं सोपं असतं. येत असूनही हात मांडीवर ठेवून बसायला फार मोठं मन लागतं. तसली माणसं या शहरात आहेत, पण त्यांच्या पाट्या कुठे लागत नाहीत. एरवी बघावं तर "मला विचारा" म्हणणारेच जास्त.

आईंना त्याच आठवड्यात परळला नेलं. ईस्टर्न एक्सप्रेसवर स्टिअरिंग जराही थरथरलं नाही.

पैशांचं पाकीट तुम्ही नातवाच्या हाती परत पाठवलंत, ते मी मुकाट घेतलं. आता माझं एक ऐका. गणपतीला गावी निघाल तेव्हा ठाणे स्टेशनसाठी रिक्षा शोधू नका. गाडी पहाटेची असली तरी चालेल, सामान आमच्या डिकीत मावेल. काकूंना मी कालच सांगून ठेवलंय, त्या हो म्हणाल्यात.

तुमची,
ए विंग, तिसरा मजला