लांडग्याला गोळी घालण्याआधी मेंढराचा पंचनामा करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेंढरांवरचे हल्ले वाढले असल्याने लांडगे दिसतील तिथे गोळ्या घालाव्यात, अशी मागणी करणारे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. त्यांचा राग मी समजू शकतो. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी सारी नोकरी इंदापूर-बारामती-दौंडच्या जिरायत पट्ट्यात गेली. रात्रीत आठ-दहा कोकरं गेलेल्या वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या मुक्कामावर, सकाळी पोचायचे, तेव्हा औषधाची पेटी उघडायचीही लाज वाटे. पण ती मेंढरं कोणी मारली, हा प्रश्न तिथे सहसा कोणी विचारत नसे. लांडग्याचे नाव आधीच ठरलेले असे.

मेलेले जनावर नीट पाहिले तर बरेच कळते. लांडगा बहुधा नरड्याला धरतो आणि कोकरू असेल तर उचलून नेतो. कुत्री मागून लागतात. मांड्या, कास, शेपटाकडचा भाग फाडलेला असतो, पाच-सहा जनावरे जखमी करून टाकलेली असतात आणि खाल्लेले फारसे काही नसते. हा काही अचूक नियम नव्हे. लांडगाही कधी वाघरीत, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीत, शिरला की गरजेपेक्षा जास्त मारतो. तरी मी पाहिलेल्या जनावरांपैकी कितीतरी कुत्र्यांनी फाडलेली होती. फलटणकडच्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाने मला हे एका वाक्यात सांगितले होते, “लांडगं एक नेतं सायेब, कुत्री वाडा उठवत्यात.”

ही कुत्री येतात कुठून? आपणच पोसलेली आहेत. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या पोती भरभरून ओढ्याकाठी आणि माळावर टाकायच्या, आणि टोळी जमली की लांडग्याच्या नावाने ओरडायचे. त्याच ढिगावर लांडगेही येतात, आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर, रेबीज, खरूज त्यांना तिथेच मिळते. पुणे जिल्ह्यात तर लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराची पिल्लेही सापडली असून जनुकीय तपासणीत ते सिद्ध झाले आहे. म्हणजे दिसेल तो लांडगा मारायचा ठरवले, तर आधी लांडगा कोणता हे ठरवणारा माणूस बंदुकीसोबत पाठवावा लागेल.

लांडगा माणसे मारतो, हा त्या पत्रातला दुसरा मुद्दा. त्यात बहराइचचे उदाहरण आहे, आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. उत्तर प्रदेशातल्या बहराइच जिल्ह्यात, महसी तालुक्यात 2024 च्या पावसाळ्यात लांडग्यांनी खरोखरच माणसे मारली आणि त्यांत बहुतेक लहान मुले होती. सरकारने पकड मोहीम काढली, शेवटी गोळी घालण्याचा आदेशही दिला. सहा लांडग्यांचा कळप सांगितला जात होता. त्यातला सहावा ऑक्टोबरमध्ये गावकऱ्यांनीच ठेचून मारला. प्रकरण संपले असे सगळे म्हणाले, आणि 2025 मध्ये त्याच जिल्ह्यात पुन्हा हल्ले झाले. त्या गावांतल्या अनेक घरांना दार नव्हते, वीज नव्हती आणि मुले उघड्यावर झोपत होती. सरकारने तिथे दारे आणि दिवे बसवायला घेतले, ते हल्ल्यांनंतर. याच राज्याच्या पूर्व भागात 1996 मध्येही लांडग्यांनी कित्येक मुले उचलली होती. वन्यजीवशास्त्रज्ञ डॉ. यादवेंद्रदेव झाला यांनी त्या घटनांचा अभ्यास केला, तेव्हा त्यामागे एखादाच लांडगा किंवा एखादाच कळप असावा असे त्यांना दिसले. दरम्यान गावोगाव ‘लांडग्याच्या रूपातला माणूस’ फिरत असल्याची अफवा उठली आणि परक्या माणसांना मार खावा लागला.

आमच्याकडे परिस्थिती वेगळी आहे. धनगरांचे वाडे पिढ्यान् पिढ्या लांडग्यांच्या माळावरच पडतात. बाया-पोरे उघड्यावर, मेंढरांच्या कडेला झोपतात. लांडग्याला पोरे उचलायची सवय असती, तर ही वाट कधीच बंद पडली असती. पिसाळलेला लांडगा मात्र वेगळा. तो दिवसाढवळ्या गावात शिरून दिसेल त्याला चावतो. त्याला मारावेच लागते, हे मी जनावरांच्या दवाखान्यातला माणूस म्हणून ठामपणे सांगतो. चावलेल्या प्रत्येकाला लस आणि जखमेत सीरम तातडीने मिळाले पाहिजे. कायदाही याच्या आड येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लांडगा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांत असला, तरी माणसाच्या जिवाला धोकादायक झालेल्या किंवा बरा न होणाऱ्या रोगाने ग्रासलेल्या प्राण्याला मारण्याची परवानगी कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. फक्त तो पकडता येत नाही, याची खात्री आधी करावी लागते. त्या वाचकांना हवी असलेली वाट कायद्यात आहेच. त्यांना हवी आहे ती खात्री न करता मारण्याची मोकळीक.

ती मोकळीक इंग्रजांनी देऊन पाहिली आहे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजाप्रमाणे 1875 ते 1925 या 50 वर्षांत बक्षिसापायी दोन लाखांवर लांडगे मारले गेले. आज सगळ्या देशात मिळून ते सुमारे तीन हजार उरलेत. वाघांचा आकडाही याच्याच जवळपास आहे, पण वाघाला राखीव जंगल आहे. लांडग्याला आहे तो आमचा माळ, आणि सातबाऱ्यावर तो ‘पडीक’ म्हणून लागतो. तिथे चर खोदा, गिरिपुष्प लावा, प्लॉट पाडा, कोणाचे काही जात नाही. कडबनवाडीच्या माळावर सफारीला येणारे शहरी पाहुणे लांडगा दिसला की हरखून जातात. चांगलेच आहे. पण शेजारच्या माळाला कुंपण पडत असताना हेच पाहुणे कुठे असतात, असा प्रश्न मनात येतो.

बंदुकीची परवानगी मिळो न मिळो, लांडगे मरतच आहेत. थंडीत पिल्ले घालायच्या दिवसांत बिळात धूर केला जातो. मेलेल्या शेळीवर थायमेट हे जहाल कीटकनाशक टाकले जाते. असे एक ठिकाण मी स्वतः पाहिले आहे. लांडग्याची मादी पडली होती, दोन घारी पडल्या होत्या, एक खोकड पडले होते, आणि शेळीवाल्याचा स्वतःचा कुत्राही. त्या माणसाने माझ्यापासून काही लपवले नाही. आधीच्या महिन्यात त्याच्या दोन पाठी, म्हणजे तरण्या शेळ्या, गेल्या होत्या. तो भरपाईसाठी वनखात्याच्या कार्यालयात गेला, तर त्याच्याकडे जागेचा उतारा मागितला गेला. दुसऱ्याच्या रानात वाडा बसवणाऱ्या माणसाकडे उतारा कुठला असणार? दोन हेलपाटे झाले, तोवर मेंढरं पुढच्या गावाला गेली.

माझ्या मते लांडग्याचा जीव इथे अडकला आहे. शेळी-मेंढी मेली तर बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15 हजार रुपये, यांतले कमी ते द्यायचे, असा 2022 चा शासन निर्णय आहे. रक्कम तोकडी आहे, गाभण मेंढीला तर नाहीच पुरत, पण वेळेवर हातात पडली तर थायमेटची पुडी विकत घ्यायला माणूस जात नाही. दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या आणि पावसाआधी परतणाऱ्या मेंढपाळाला ही भरपाई मिळायची, तर पंचनामा वाड्यावर, त्याच दिवशी आणि उताऱ्याशिवाय झाला पाहिजे. पंचनाम्याला पशुवैद्यकीय माणूस हवा, म्हणजे कुत्र्याचे पाप लांडग्याच्या खात्यावर जाणार नाही. कुत्र्यांनी मारलेल्या मेंढरालाही भरपाई हवी. नाहीतर प्रत्येक मेंढरू लांडग्यानेच मारले असे सांगणे गरिबाला भागच पडते, आणि पुढे तेच आकडे घेऊन कोणीतरी बंदूक मागायला येतो.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
ता. इंदापूर, जि. पुणे

ता. क. : मेंढपाळ बांधवांसाठी. हल्ला झाला तर 48 तासांच्या आत वनखात्याला कळवा. वनरक्षकाचा नंबर नसेल तर 1926 वर फोन करा. पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागेवरून हलवू नका, आणि मोबाइलवर नरड्याचा आणि मागच्या पायांचा असे दोन्ही फोटो काढून ठेवा.